उडाल्याची नोंद

नवऱ्याला मी तोंडावर कधी नावानं हाक मारली नाही, पण इथे विद्याधर असंच लिहिते. 'हे म्हणाले, ह्यांनी केलं' असं लिहायला लागले की सगळा दोष आपोआप त्यांच्याकडे जातो, आणि तसं व्हायला नको आहे. जे झालं त्यात आम्ही तिघं होतो. विद्याधर, मी आणि धाकू.

आम्ही मुलुंडला पाच रस्त्यापासून थोडं आत, एका दुमजली इमारतीत राहायचो. विद्याधर विम्याच्या कचेरीत हेडक्लार्क होते, मी एका शाळेच्या ऑफिसात टायपिस्ट. मूलबाळ झालं नाही, आणि त्यावर आमचं बोलणंही कधीच संपून गेलं होतं. ऐंशी साली विद्याधरांच्या हाताखाली काम शिकलेल्या माणसाला त्यांच्या डोक्यावर बसवलं. ते घरी आले. जेवले, पेपर वाचला, झोपले. पण महिन्याभरात जहाजावर नोकरी करणाऱ्या एका ओळखीच्या माणसाकडून वापरलेला कॅमेरा आणि हातभर लांब लेन्स घेऊन आले, आणि रविवारी सकाळी डोंगरावर जायला लागले.

तेव्हा डोंगर घरांना लागून होता. शेवटची चाळ संपली की करवंदीच्या जाळ्या, मग साग, मग राष्ट्रीय उद्यानाचं जंगल. मधून एक ओढा यायचा. एप्रिलमध्येसुद्धा त्याच्या डबक्यांतून पाणी असायचं आणि दोन्ही काठांनी गर्द सावली.

पक्ष्याचा फोटो काढणं म्हणजे त्या काळी बहुतेक वेळा घरट्याचा फोटो काढणं. पक्षी एका जागी ठरत नाही, पण घरट्यात पिल्लं असली की दहा-दहा मिनिटांनी तिथेच येतो. मग घरट्यासमोर जुन्या चादरीचं लपण उभारायचं, आड येणारी पानं दोऱ्यानं मागे बांधायची, एखादी डहाळी कापायची, उजेड आत घ्यायचा आणि गप्प बसून राहायचं. सगळेच तसं करायचे. शिकवणारेही तसंच शिकवायचे.

दुपारी विद्याधर न्हाणीघराच्या खिडकीला घोंगडी लावून आत बसत. मोरीवर फळी टाकून त्यावर फोटो मोठा करायचा एन्लार्जर, बाजूला औषधांच्या तीन थाळ्या. प्रिंट धुवायचं काम माझं. त्यांचं अक्षर त्यांनाच लागत नसे, म्हणून नोंदवहीही माझ्याकडे आली. लांब, जाड पुठ्ठ्याची वही. पक्षी कोणता, कुठे, यंदा पहिल्यांदा कधी दिसला, घरटं कधी, अंडी किती, पिल्लं अंड्यातून कधी बाहेर आली, फोटो कधी काढला. आणि शेवटचा रकाना: पुढे काय झालं.

त्या वहीमुळे मला वर्ष वेगळंच दिसायला लागलं. फेब्रुवारी म्हणजे पांगाऱ्यावरचे शिंजीर. मार्च नाचणाचा. एप्रिल संपत आला की ओढ्यावर स्वर्गीय नर्तक यायचा. पांढराशुभ्र नर, काळं डोकं आणि मागे वीतभर लांब दोन फिती. जूनमध्ये नवरंग, तो दिसण्याआधी ऐकू यायचा. मी स्वतः डोंगरावर वर्षातून एखाद-दोनदाच जात असेन, पण कोण कधी येतो ते मला तोंडपाठ होतं.

ब्याऐंशीच्या पावसाळ्यात धाकू आमच्याकडे आला. धाकू घाडी, कुडाळकडचा, परळच्या एका गिरणीत सतरा वर्षं मागावर होता. संपात घरी बसला तो बसलाच. डोंगराच्या पायथ्याशी बहिणीच्या झोपडीत राहायला आला आणि तिथल्या दगडखाणीवर दिवसाचा राखणदार म्हणून लागला. एका रविवारी ओढ्याकाठी घरटं शोधत फिरणाऱ्या विद्याधरांना त्यानं हटकलं. काय शोधताय विचारलं, आणि ऐकून घेतल्यावर हसून म्हणाला, "ह्या व्हय? येवा, दाखवतंय." पंधरा मिनिटांत त्यानं दोन घरटी दाखवली.

त्यानंतर घरटी शोधायचं काम धाकूचं झालं. लहानपणी गावी गुरांमागे रानात वाढलेला माणूस, त्याची नजर पानाआड जायची. बुधवार-गुरुवारी संध्याकाळी तो आमच्या दारात उभा राहायचा. "सायबानू, गावला. व्हाळाच्या वरसून, पातळशा फांदयेर. तीन अंडी असत." व्हाळ म्हणजे ओढा. विद्याधरांचा चेहरा असा काही उजळायचा की मी तिकडे बघत राहायचे. मग मी चहा टाकायचे आणि वही काढायचे.

फोटो काढून झाला की विद्याधर त्या घरट्याकडे पुन्हा जात नसत. "पुढचं धाकू बघेल," म्हणत. पुढच्या आठवड्यात धाकू यायचा, ओट्याजवळ उकिडवा बसायचा, आणि मी विचारायचे, "काय रे, त्या ओढ्यावरच्यांचं काय झालं?"

"उडाली, वयनी. सगळी उडाली."

मी तारीख विचारून शेवटच्या रकान्यात लिहायचे: उडाली.

पंच्याऐंशीच्या मे महिन्यात विद्याधरांना तो फोटो मिळाला. नर घरट्याच्या काठावर ओणवा, दोन्ही फिती खाली पाण्यापर्यंत गेल्यासारख्या, आणि घरट्यातून वर आलेल्या तीन चोची इतक्या उघड्या की आतला घसा दिसतोय. वरून ऊन नेमकं त्या चोचींवर. न्हाणीघरात थाळीतल्या कागदावर ते चित्र हळूहळू वर येताना आम्ही दोघं वाकून बघत होतो. विद्याधरांनी माझा ओला हात धरला. लग्नाला तेव्हा एकोणीस वर्षं झाली होती.

त्या फोटोला मोठ्या प्रदर्शनात सुवर्णपदक मिळालं. एका औषध कंपनीनं तो कॅलेंडरवर छापला, मे महिन्याच्या पानावर. मुलुंडच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात, किराणावाल्याकडे, अगदी विद्याधरांच्या कचेरीतसुद्धा ते कॅलेंडर लागलं. ज्याला त्यांच्या डोक्यावर बसवलं होतं तो साहेब त्यांना केबिनमध्ये बोलावून म्हणाला, "तुम्ही एवढे कलाकार आहात, आम्हाला माहीतच नव्हतं." हे सांगताना विद्याधर दोनदा हसले.

शहाऐंशीच्या मार्चमध्ये आमच्या स्वयंपाकघरात विजेच्या मीटरच्या पेटीवर चिमणीनं घरटं केलं. काड्या पोळ्यांच्या डब्यावर पडायच्या. मी वैतागायचे, पण वही लिहायची सवय, म्हणून त्यांच्याही तारखा भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलनं टिपून ठेवल्या. पिल्लांची चिवचिव सुरू झाल्यापासून शेवटचं पिल्लू खिडकीबाहेर पडेपर्यंत पंधरा दिवस लागले. मला ते फार वाटले. एवढ्याशा पक्ष्याला पंधरा दिवस?

कॅलेंडर उलटून मेच्या पानावरच्या त्या तीन चोचींकडे बघताना मनात काहीतरी अडकलं. वही काढली. 'पिल्लं बाहेर: १६ मे. फोटो: १९ मे. उडाली: २१ मे.' पाच दिवस. मागची पानं उलटली. नाचण, सहा दिवस. शिंजीर, सात. नवरंग, पाच. चार वर्षांत फोटो काढलेली सत्तावीस घरटी होती आणि पंचवीस ठिकाणी माझ्याच अक्षरात 'उडाली' लिहिलेलं. जिथे फोटो काढायला जमलंच नव्हतं, तिथे मात्र दहा, बारा, चौदा दिवस होते.

पुढच्या वेळी धाकू आला तेव्हा विद्याधर अजून कचेरीतून यायचे होते. मी वही त्याच्यासमोर ठेवली. त्याला वाचता येत होतं, गिरणीत असताना रात्रशाळेत शिकला होता.

"धाकू, पाच दिवसांत पिल्लं उडतात?"

त्यानं वहीकडे बघितलं, मग चहाच्या कपाकडे.

"माका काय म्हायत, वयनी."

"गुरांमागे रानात वाढलास आणि तुला माहीत नाही?"

त्यानं वही मिटली. मग म्हणाला, "खरा सांगू? एकपण उडूक नाय."

"एकही नाही?"

"कावळ्यान खाल्ल्यान. पानां बांधलास की वरसून सगळा उघडा पडता. फोटो झालो की मी दोरी सोडतंय, पण पानां सुकान गेलेली असतत, परत आड येणत नाय. आवस-बापूस वरती नुसती नाचत रवतत. कावळो काय तेंका भियता?" त्यानं कप खाली ठेवला. "दोनदा तर उन्हानच मेली. आंगार पीस नाय, काय नाय. घरट्यातच सुकली."

"मग उडाली म्हणून का सांगायचास रे?"

"सायब येवढे खूश होयत," तो म्हणाला. "मिल गेल्यापासून माझ्यामुळे कोण खूश झालो असा माका आठवत नाय. मगे कित्याक सांगू?"

मला त्याचा राग यायला हवा होता. आला नाही. मी वही उचलून कपाटात ठेवली आणि म्हणाले, "आता साहेबांना सांगू नकोस." का म्हणाले? कॅलेंडर अजून भिंतीवर होतं, म्हणून. मेचं पान यायचं होतं.

त्या वर्षी मी धाकूला विचारायचं सोडून दिलं. शेवटचा रकाना कोरा ठेवायला लागले. विद्याधर वही उघडत, पण त्या रकान्याबद्दल त्यांनी कधी विचारलं नाही.

आणि त्याच वर्षापासून पक्षी कमी झाले. स्वर्गीय नर्तकाच्या जिथे ओढ्यावर चार-पाच जोड्या असायच्या तिथे शहाऐंशीत दोन आल्या, त्याही मे अर्धा उलटल्यावर. नवरंगाची शीळ एकदाच ऐकू आली, जूनच्या शेवटी. पांगारे रस्त्यासाठी तोडले गेले होते, त्यामुळे शिंजीर नावाला. सत्त्याऐंशीत ओढ्यावर एकच जोडी होती आणि तिनं घरटं अर्धवट बांधून सोडून दिलं. नवरंगाच्या रकान्यात मी फुली मारली. मधल्या काळात खाण वाढत ओढ्याच्या वरच्या अंगाला आली होती. दिवसातून दोनदा सुरुंग उडायचे, आमच्या घरातली भांडी मांडणीवर थरथरायची. झाडांवर पांढरी भुकटी बसून राहायची, पावसाळ्यातच काय ती धुतली जायची.

विद्याधरांना कारण सापडलं. "खाणीनं वाट लावली," ते म्हणायचे. आणि ते खोटं नव्हतं. त्यांनी स्लाइड्सचा प्रोजेक्टर मागून आणला, वाचनालयात, शाळांत, घाटकोपरच्या एका महिला मंडळात कार्यक्रम केले. आधी हा ओढा असा होता, आता बघा. पेपरांना पत्रं लिहिली. ती मीच टाइप केली. सत्त्याऐंशीच्या दिवाळीनंतर खाणीचा परवाना पुढे वाढवायचा की नाही यावर सुनावणी ठरली आणि विद्याधरांना म्हणणं मांडायला बोलावलं. पुराव्यादाखल काय आहे, असं पत्रात विचारलं होतं.

"आपली वही," विद्याधर म्हणाले. ते इतके हुरूपात होते की उभ्यानंच चहा पीत होते. "कोणाकडे आहे अशी नोंद? सहा वर्षांची, तारीखवार! आधी पंचवीस घरटी यशस्वी, खाण वर सरकल्यावर शून्य. याच्यापुढे कोण काय बोलणार? सगळी टाइप कर, तीन प्रती."

रविवारची दुपार होती. मी टाइपरायटरवर कागद चढवला, कार्बन घातले आणि पहिल्या ओळीलाच थांबले.

"अहो, ही वही देता येणार नाही."

"का?"

मी सांगितलं. चिमणीचं सांगितलं, तारखांचं सांगितलं, धाकूचं सांगितलं. कावळ्यांचं सांगितलं. उन्हात सुकलेल्या पिल्लांचंही सांगितलं. दीड वर्ष गप्प राहिले तेही सांगितलं. मला वाटलं होतं ते ओरडतील, नाहीतर रडतील, नाहीतर धाकूला शिव्या घालतील.

ते खुर्चीत बसले. म्हणाले, "मला माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"पहिल्याच वर्षी कळलं होतं. लेन्सचं विसरलेलं झाकण आणायला दुसऱ्या दिवशी परत गेलो होतो. नाचणाचं घरटं. फांदीवर कावळा बसला होता." ते खिडकीकडे बघत होते. "म्हणून तर मी परत जात नव्हतो, सुनंदा. धाकू उडाली म्हणायचा, तू लिहायचीस. माझंही काम भागायचं."

दीड वर्ष ज्यांचा आनंद मी जपत होते, ते सगळं जाणून होते.

"पण खाण खरी आहे," ते मग एकदम म्हणाले. "ओढा जातोय ते खरं आहे. पहिल्यांदा कधी दिसले, किती जोड्या आल्या, त्या तारखा सगळ्या खऱ्या आहेत. खाण थांबली तर निदान जे उरलेत ते तरी राहतील. आता हे दुसरं उकरून काय मिळणार आहे?"

"आणि शेवटचा रकाना?"

ते म्हणाले, "तारखा थोड्या पुढे कर. एकवीसच्या जागी अठ्ठावीस. कोणाला काय कळतंय?"

"नाही," मी म्हणाले. "तेवढं मी करणार नाही."

"मग?"

"वहीत आहे तसं टाइप करीन."

आणि तसंच केलं. पाच दिवस, सहा दिवस, सात दिवस, सगळं जसंच्या तसं. तेव्हा मला वाटलं मी काहीतरी सरळ वागतेय. खोटं मी वाढवलं नाही, पण खरंही सांगितलं नाही. संध्याकाळपर्यंत तिन्ही प्रती तयार झाल्या. आम्ही त्यावर पुन्हा एक शब्द बोललो नाही.

सुनावणी बांद्र्याच्या एका कचेरीत होती. मी रजा काढून गेले. खाणीचे मालक, त्यांचे वकील, आमच्या बाजूनं विद्याधर आणि मुलुंडचे तिघे जण. मत द्यायला म्हणून अधिकाऱ्यांनी प्राणिशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक बोलावले होते, भीमराज ताम्हणे नावाचे. सडपातळ, कानाला यंत्र लावलेले. आत आल्या आल्या त्यांनी विद्याधरांचा हात हातात घेतला. "ते कॅलेंडर मी अजून ठेवलंय हं," म्हणाले. "फार दिवसांनी कोणीतरी नीट नोंद ठेवलेली दिसली."

विद्याधर छान बोलले. स्वच्छ, मुद्द्याला धरून. मग ताम्हणे सरांनी टाइप केलेले कागद चष्म्याजवळ नेले आणि बोट फिरवत वाचायला लागले. मधेच त्यांचं बोट थांबलं. ते मागच्या पानावर गेले, परत पुढे आले.

"ही तारीख टायपिंगची चूक आहे का?" त्यांनी विचारलं. "सोळाला पिल्लं बाहेर, एकवीसला उडाली?"

सरांनी पान उलटलं.

"आणि इथे. आणि इथेही." सरांच्या आवाजात आरोप नव्हता, त्यांना खरंच कळत नव्हतं. "पाचव्या दिवशी तर डोळेसुद्धा जेमतेम उघडतात हो. ही उडाली कशी?"

खाणीचे वकील कागद मागायला हात पुढे करून उभे राहिले.

विद्याधर म्हणाले, "उडाली नाहीत."

"म्हणजे?"

"आम्ही फोटो काढायला पानं बाजूला केली. ती मेली." एवढंच. आवाज अगदी रोजचा होता.

ताम्हणे सरांनी कागद हळूच टेबलावर ठेवले, चष्मा काढून पुसला, आणि मग शेवटपर्यंत विद्याधरांकडे पाहिलं नाही. वकिलाला फार बोलावं लागलंच नाही. ज्यांनी स्वतःच पक्ष्यांचा नाश केला ते आता खाणीवर ढकलताहेत, आणि त्यासाठी खोटी नोंद घेऊन आले आहेत, असं तो म्हणाला. पहिल्या रकान्यातल्या तारखा खऱ्या होत्या, जोड्या कमी झाल्या ते खरं होतं, पण ते कोणी वाचलंच नाही. अधिकारी म्हणाले, नोंद विश्वासार्ह नसल्यानं विचारात घेता येत नाही. परवाना पाच वर्षांनी वाढला.

जिन्यातून उतरताना आमच्या बरोबर आलेल्या तिघांपैकी एकानेच आमचा निरोप घेतला.

धाकूला ते दुसऱ्याच दिवशी खाणीवर कळलं. तो संध्याकाळी आला, पण आत आला नाही, दारातच उभा राहिला.

"सायबानू, माझ्यामुळे झाला."

विद्याधर पेपर वाचत होते. "तुझ्यामुळे नाही रे," म्हणाले. "आत ये. बस."

"नको. बसूचा धीर होणत नाय."

मी चहाचं विचारलं. तो नको म्हणाला. मग म्हणाला, "वरच्या व्हाळात आता दगडाची पावडर टाकूक लागलेत. पाणी दिसणत नाय." आणि थोडा वेळ उभा राहून निघून गेला. पुढच्या शिमग्याला तो गावी गेला तो परत आला नाही. बहीण म्हणाली, वाडीत आंब्याची राखण करतो.

विद्याधरांनी कॅमेरा विकला नाही, कोणाला दिलाही नाही. कपाटात ठेवला आणि पावसाळ्यात कधी हवा द्यायला काढला नाही. लेन्सला आतून बुरशी धरली. रविवारी मात्र ते जात राहिले, रिकाम्या हातानं, आणि आता मीही बरोबर जायला लागले. अठ्ठ्याऐंशीच्या मेमध्ये ओढ्याच्या खालच्या अंगाला एक नर दिसला. एकटाच. एका फांदीवर बसायचा, हाक घालायचा, दुसऱ्या फांदीवर जायचा. आम्ही लांबून तीन रविवार त्याला बघितलं. मादी आली नाही. चौथ्या रविवारी तोही नव्हता.

"यात आपले किती आणि खाणीचे किती?" मी एकदा विचारलं.

"कसं सांगणार?" ते म्हणाले. "सगळं एकाच वेळी चाललं होतं."

एकोणनव्वदच्या मेमध्ये बोरिवलीहून एक बाई आल्या. क्षमा नाव, बँकेत होत्या, तिशीच्या आतबाहेर. कॅलेंडरवरचं नाव शोधत शोधत पत्ता काढला होता. त्यांना त्यांच्या बाजूला, कान्हेरीकडच्या जंगलात, स्वर्गीय नर्तकाचं घरटं मिळालं होतं. पिल्लं नुकतीच बाहेर आली होती. नवा कॅमेरा मांडीवर घेऊन त्या आमच्या कॉटवर बसल्या होत्या आणि बोलताना सारख्या पुढे सरकत होत्या.

"सर, प्रॉब्लेम एकच आहे, फार सावली आहे तिथे. तुम्ही उजेड कसा घेतलात?"

विद्याधरांनी त्यांना सगळं सांगितलं. पहिल्या नाचणापासून सुनावणीपर्यंत, काही न वगळता. मी ते इतकं सलग कधी ऐकलं नव्हतं. शेवटी म्हणाले, "तुम्ही ते घरटं बघितलंत ना? पुष्कळ झालं. आता त्या बाजूला जाऊ नका."

क्षमाबाई मान खाली घालून ऐकत होत्या. चहा गार झाला. "पण सर, मी अगदी थोडीच पानं..." म्हणाल्या आणि थांबल्या. मग हात जोडून, थँक्यू म्हणून उतरल्या. जिन्यात त्या क्षणभर थांबल्याचं मला ऐकू आलं, मग पावलं खाली गेली.

जुलैत एका रविवारच्या पुरवणीत तो फोटो आला. रंगीत, अर्ध्या पानाचा. खाली त्यांचं नाव. नर घरट्यावर, चोचीत चतुर. डावीकडे कोपऱ्यात पानांचा एक झुबका मागे ओढल्यासारखा दिसत होता, माहीत नसलेल्याला तो कळला नसता. पिल्लांच्या उघड्या अंगावर ऊन पडलं होतं.

विद्याधरांनी पान बराच वेळ डोळ्यांसमोर धरलं.

"उजेड चांगला आलाय," ते म्हणाले.

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी पान घडी करून खाली ठेवलं आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून बसून राहिले.

"त्यांना पत्र लिहू का?" मी विचारलं.

"काय लिहिशील?"

मी टाइपरायटरचं झाकण काढलं होतं, कागदही चढवला होता. 'सौ. क्षमा यांस' एवढं टाइप केलं. बाहेर पाऊस थांबला होता आणि शेजारच्या सुमनताई गच्चीवर कपडे वाळत घालायला निघाल्या होत्या. मला हाक मारून गेल्या. मी बसून होते. आपल्याला त्यांना जे सांगायचं होतं ते तर आधीच, समोर बसवून, सगळं सांगून झालं होतं.

शेवटी मी कागद तसाच ओढून काढला आणि विद्याधरांना जेवायला वाढलं.